कंपन्यांवरचे बहिष्कार: विक्री पडते की नुसता आवाज होतो?

२००३ साली अमेरिकेतल्या 'फ्रेंचेज' नावाच्या मस्टर्ड सॉसच्या कंपनीवर एक विचित्र खुलासा करायची वेळ आली. आमच्यात फ्रेंच आहे ते फक्त नाव, असं तिला जाहीरपणे सांगावं लागलं. इराकवरच्या युद्धाला फ्रान्सने विरोध केला होता, त्यामुळे अमेरिकेत फ्रेंच मालावर बहिष्कार टाकायची हाक उठली होती आणि चिडलेले लोक दुकानाच्या फळ्यांवर 'फ्रेंच' हा शब्द शोधत होते. सॉसला ते नाव मिळालं होतं संस्थापकाच्या आडनावावरून. वर गंमत अशी की, त्या वेळी या सॉसच्या मालक कंपनीचं मुख्यालय ब्रिटनमध्ये होतं, म्हणजे इराक युद्धात अमेरिकेला सर्वांत ठाम साथ देणाऱ्या देशात.

हसू येतं खरं, पण पुढे संशोधकांनी सुपरमार्केटमधल्या विक्रीचे आकडे तपासले तेव्हा नुसती नावं फ्रेंच वाटणाऱ्या वस्तूंचाही बाजारातला वाटा त्या वादात घटलेला दिसला. म्हणजे राग खरा होता आणि तो पैशांच्या पाकिटापर्यंत पोचलाही होता. फक्त पत्ता चुकला होता.

कंपनीने घेतलेल्या (किंवा तिने घेतली असं लोकांना वाटलेल्या) राजकीय भूमिकेवरून तिचा माल बंद करायचा, ही गोष्ट आता रोजची झाली आहे. दर महिन्याला कुठे ना कुठे एखादा हॅशटॅग उठतो. लगेच दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, ग्राहक राजा आहे, त्याने ठरवलं तर कंपनी गुडघ्यावर येईल. दुसरं म्हणतं, चार दिवसांचा तमाशा आहे, पाचव्या दिवशी तीच माणसं तोच माल घेतील. दोन्ही बाजूंना दाखले मिळतात. म्हणून आधी हे पाहावं लागतं की बहिष्कार 'चालला' असं आपण कशाला म्हणतो आणि ते मोजायचं कसं.

मोजण्यातच पहिली अडचण आहे. त्याच २००३च्या वादात फ्रेंच वाइनचं काय झालं ते बघा. लॅरी चॅविस आणि फिलिप लेस्ली या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या चार शहरांमधली विक्री तपासून सांगितलं, की बहिष्कार ऐन भरात असताना आठवड्याची विक्री २६ टक्क्यांनी घटली आणि सहा महिन्यांचा हिशोब धरला तर १३ टक्क्यांनी. आकडा मोठा आहे. पण ऑर्ली ॲशनफेल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाकडे पाहिलं तेव्हा त्यांना बहिष्काराचा परिणाम सापडलाच नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. फ्रेंच वाइनचा अमेरिकेतला वाटा आधीपासूनच उतरणीला लागला होता. शिवाय ती खपते नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास, तर बहिष्काराची हाक आली फेब्रुवारीत. सण संपल्यावर विक्री पडायचीच. ती नेहमीची पडझड आणि आधीची उतरण बाजूला काढली तर बहिष्काराच्या नावावर टाकायला काही उरत नव्हतं.

दोन्ही गट कसलेले अर्थशास्त्रज्ञांचे, तरी उत्तरं दोन निघाली. असं का होतं? कारण बहिष्काराचा परिणाम म्हणजे 'आज किती विकलं' हा आकडा नसतो. तो असतो 'आज किती विकलं' आणि 'बहिष्कार झाला नसता तर किती विकलं असतं' या दोन आकड्यांमधला फरक. पहिला आकडा गल्ल्यात सापडतो. दुसरा कुठेच सापडत नाही, कारण ते जग घडलेलंच नसतं. तो अंदाजाने काढावा लागतो: मागच्या वर्षी याच आठवड्यात काय झालं होतं, तशाच दुसऱ्या मालाचं काय झालं, ज्या भागात लोक चिडलेले नव्हते तिथे काय झालं. हा अंदाज थोडा इकडचा तिकडे झाला की निष्कर्ष उलटतो. म्हणून 'बहिष्कारामुळे विक्री इतके टक्के घसरली' असा मथळा दिसला की कशाच्या तुलनेत, हे आधी विचारावं. बहुतेक वेळा ते बातमीत दिलेलंच नसतं.

आता थोडं मागे जाऊ. इंग्रजीतला 'बॉयकॉट' हा शब्द मुळात एका माणसाचं आडनाव आहे. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८०मध्ये कुळांनी खंडात मोठी सूट मागितली, ती मिळाली नाही, आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा बजावायला घेतल्या. त्यावर गावाने त्याला बोटही लावलं नाही, फक्त त्याच्याशी व्यवहार तोडले. मजूर कामावर येईनासे झाले, दुकानदारांनी माल देणं बंद केलं, टपालसुद्धा पोचेना. मराठीत याला नेमका शब्द आहे: वाळीत टाकणं. जातपंचायतींनी हा शब्द इतका वाईट अर्थाने वापरला आहे की तो उच्चारताना जड वाटतं, पण यंत्रणा तीच.

पुढे जे झालं ते या सगळ्या विषयाचं सार आहे असं मला वाटतं. बॉयकॉटचं पीक शेतात उभं होतं. ते काढायला उत्तरेकडून सुमारे ५० स्वयंसेवक आले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे हजार सैनिक व पोलीस. पीक निघालं. त्याची किंमत होती सुमारे ५०० पौंड आणि ते काढण्यावर झालेला खर्च तेव्हाच्या अंदाजानुसार १०,००० पौंड. गल्ल्याच्या हिशोबाने बहिष्कार फसला, कारण शेतमाल वाया गेला नाही. पण डिसेंबर उजाडताच बॉयकॉट कुटुंबासह आयर्लंड सोडून गेला आणि त्याचं आडनाव जगभरच्या भाषांमध्ये क्रियापद होऊन बसलं.

तो बहिष्कार टिकला कसा, हे लक्षात घ्यायला हवं. गाव लहान होतं. कोण बॉयकॉटच्या शेतावर जातंय, कोण त्याला ब्रेड विकतंय, हे सगळ्यांना दिसत होतं. गुपचूप मोडायची सोय नव्हती. आजच्या ग्राहक बहिष्कारात नेमकं हेच हरवलं आहे. मी कोणतं तेल, कोणता साबण आणतो हे माझ्या घराबाहेर कोणाला कळत नाही. समाजमाध्यमावर मी काय लिहितो हे मात्र हजार लोकांना दिसतं. त्यामुळे बोलणं भरपूर होतं आणि वागणं त्या मानाने कमी.

यात लबाडी असतेच असं नाही. एका माणसाचा हिशोब मांडून पाहा. कंपनी लाखो लोकांना माल विकते. मी एकट्याने बंद केल्याने तिला काही कळणार नाही. लाखोंनी बंद केलं तर कळेल, पण मग मी एकट्याने चालू ठेवल्यानेही काही बिघडणार नाही. दोन्हीकडून पाहिलं तरी माझ्या एका पिशवीने फरक पडत नाही. आवडीची वस्तू सोडल्याचा त्रास मात्र मलाच. हा हिशोब करून प्रत्येक जण शहाण्यासारखा वागला तर बहिष्कार सुरूच होणार नाही. तरी तो होतो, कारण माणसं फक्त परिणामासाठी बहिष्कार टाकत नाहीत. 'माझ्या पैशातला एक पैसाही यांना नको' हे स्वतःच्या मनासाठी असतं, आणि आपण कोणत्या बाजूचे आहोत ते चारचौघांत दिसावं म्हणूनही. मला यात काही कमीपणा वाटत नाही. पण ज्या बहिष्काराचा हेतूच मन हलकं करणं असतो, त्याचं काम पोस्ट टाकल्यावर संपतं.

सर्वेक्षणांकडे म्हणूनच जपून पाहावं. एडलमन या जनसंपर्क कंपनीच्या २०१८च्या पाहणीत जगभरातले ६४ टक्के ग्राहक आपल्या मतांनुसार खरेदी करतात किंवा टाळतात, असं निघालं. दर तिघांतले जवळपास दोघे! हे जर शब्दशः खरं असतं तर जगातल्या निम्म्या कंपन्यांचे दरवाजे आतापर्यंत बंद झाले असते. लोक खोटं बोलत नाहीत, आपण कसं वागावं असं त्यांना वाटतं ते ते सांगतात.

प्रत्यक्ष पावत्या तपासल्या की काय दिसतं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे गोया. ही अमेरिकेतली डबाबंद कडधान्यं, मसाले वगैरे विकणारी कंपनी. तिचा मुख्य ग्राहक लॅटिनो. जुलै २०२०मध्ये कंपनीचे प्रमुख रॉबर्ट उनानुए यांनी व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प यांची तोंडभरून स्तुती केली. स्थलांतरितांबद्दल ट्रम्प काय बोलतात हे माहीत असलेल्या अनेक लॅटिनोंना ते झोंबलं आणि बहिष्काराची हाक आली. लगेच दुसऱ्या बाजूने उलटी हाक आली: मुद्दाम गोयाच घ्या. इंग्रजीत याला 'बॉयकॉट'च्या चालीवर 'बायकॉट' म्हणतात. (मराठीत अनेक जण मूळ शब्दालाच बायकॉट म्हणतात, त्यामुळे ही कोटी आपल्याकडे आपोआप फुकट जाते.)

कॉर्नेल विद्यापीठातल्या युरा ल्याउकोनीते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतल्या खरेदीचे आकडे तपासले. गोयाची विक्री तात्पुरती २२ टक्क्यांनी वाढली होती! वाढ प्रामुख्याने रिपब्लिकन पक्षाच्या बालेकिल्ल्यांत होती आणि त्यातले बरेच लोक गोया पहिल्यांदाच घेत होते. तीन आठवड्यांत ही वाढ विरून गेली. आणि गोयाचे जुने लॅटिनो ग्राहक? त्यांच्या खरेदीत लक्षात येण्याजोगी घट नव्हतीच. वर्षानुवर्षं ज्या चवीची सवय आहे ती सोडायची तर तशीच दुसरी सहज मिळायला हवी. ज्यांनी नव्याने डबे नेले त्यांनी बहुधा ते एकदाच नेले. सगळ्या देशात गाजलेलं भांडण, आणि महिन्याभरात कंपनीचा खप होता तिथेच.

राजकीय भूमिकेवरचे बहिष्कार इतर बहिष्कारांपेक्षा वेगळे पडतात ते इथे. कंपनी नदीत विष सोडते म्हणून बहिष्कार टाकला तर 'विष सोडलंच पाहिजे' म्हणून कोणी मुद्दाम तिचा माल घेत नाही. राजकारणात मात्र प्रत्येक बाजूला समोर दुसरी बाजू तयारच असते. २०१२मध्ये चिक-फिल-ए या चिकन सँडविचच्या साखळीच्या प्रमुखाने समलिंगी विवाहाविरुद्ध मत मांडलं तेव्हा बहिष्काराला उत्तर म्हणून १ ऑगस्टला तिच्या दारापुढे रांगा लागल्या आणि विक्रमी विक्री झाली. २०१८मध्ये नायकेने वर्णभेदाच्या निषेधासाठी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकणाऱ्या कॉलिन केपर्निक या अमेरिकन फुटबॉलपटूला जाहिरातीत घेतलं, लोकांनी बूट जाळल्याचे व्हिडिओ टाकले, आणि काही दिवसांत ऑनलाइन विक्री वाढल्याचे आकडे आले. जाळलेले बूट तर आधीच विकत घेतलेले होते, हे वेगळंच.

मग एखादा बहिष्कार खरोखर चावतो तेव्हा काय असतं? बड लाइट या अमेरिकी बीअरचं प्रकरण इथे सविस्तर पाहायला हवं, कारण अलीकडच्या काळात असा धक्का क्वचितच कुणाला बसला.

१ एप्रिल २०२३ रोजी डिलन मल्व्हेनी या ट्रान्सजेंडर कलाकाराने इन्स्टाग्रामवर बड लाइटची एक छोटी प्रसिद्धी-पोस्ट टाकली. एक व्हिडिओ, एक खास छापलेला कॅन, इतकंच. रूढीवादी अमेरिकनांनी बहिष्काराची हाक दिली. ही बीअर २००१पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारी होती. काही आठवड्यांत तिचा खप सुमारे पावपट घसरला, आणि जूनच्या सुरुवातीला संपलेल्या महिन्याभराच्या आकड्यांत मोडेलो एस्पेसियालने तिला मागे टाकलं. त्या तिमाहीत मूळ कंपनी एबी इनबेव्हचा अमेरिकेतला महसूल १०.५ टक्क्यांनी घटला. तीन आठवड्यांत सगळं विसरलं जाईल हा अंदाज साफ चुकला. पुढच्या वर्षीही बड लाइट पहिल्या क्रमांकावर परतली नाही.

गोयाला काही झालं नाही आणि बड लाइटला इतकं का झालं? पहिलं कारण, इथे चिडलेले लोक हेच गिऱ्हाईक होते. गोयाच्या वेळी ओरडणाऱ्यांत किती जण मुळात गोया विकत घेत होते कोण जाणे. जो माल आपण घेतच नाही त्याच्यावर बहिष्कार टाकणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. दुसरं, पर्याय हाताशी होता. त्याच फ्रीजमध्ये, त्याच किमतीत, जवळजवळ त्याच चवीची कूर्स लाइट किंवा मिलर लाइट. हात चार बोटं सरकवला की बहिष्कार झाला. तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: बीअर चारचौघांत प्यायली जाते. बारमध्ये, सामना बघताना, अंगणात मित्रांबरोबर. हातातला कॅन सगळ्यांना दिसतो आणि त्यावरून टोमणा मारता येतो. कडधान्याचा डबा घरात उघडला जातो, तिथे कोण बघतंय? कॅप्टन बॉयकॉटच्या गावात जी नजर होती ती बारमध्ये आपोआप परत आली.

कंपनीने स्वतःच्या हातानेही थोडं बिघडवलं. तिच्या अमेरिकेतल्या प्रमुखाने दोन आठवड्यांनी काढलेल्या पत्रकात माफी नव्हती आणि पाठराखणही नव्हती. लोकांमध्ये फूट पाडणाऱ्या चर्चेत पडायचा आमचा हेतू नव्हता, अशा धर्तीचं ते गुळमुळीत निवेदन होतं. चिडलेले शांत झाले नाहीत आणि आता दुसरी बाजूही चिडली. शिकागोतल्या काही समलिंगी बारनी कंपनीचा माल ठेवणं बंद केलं. आधी एका बाजूचे शिव्या घालत होते, आता दोन्ही.

तरीही हिशोब पूर्ण करूया. एबी इनबेव्ह ही जगातली सर्वांत मोठी बीअर कंपनी. २०२३ या संपूर्ण वर्षात तिचा जगभरचा महसूल वाढलाच, कारण अमेरिका हा तिच्या अनेक बाजारांपैकी एक. बड लाइटला मागे टाकणारी मोडेलोसुद्धा अमेरिकेबाहेर तिच्याच मालकीची आहे. फक्त अमेरिकेतले हक्क मक्तेदारीविरोधी कायद्यामुळे २०१३ साली दुसऱ्या कंपनीकडे गेले. आणि २०२५मध्ये अमेरिकेत खपात पहिला नंबर कोणी पटकावला? मिकेलोब अल्ट्रा. तीही एबी इनबेव्हचीच. फळीवर वेगवेगळी नावं दिसतात, पण त्यातल्या काहींचे पैसे एकाच खिशात जातात. बहिष्कार नावावर बसतो, मालकावर बसेलच असं नाही.

नजरेचा मुद्दा टेस्लाच्या बाबतीतही दिसतो. गाडी रस्त्यावर उभी असते आणि मालकाबद्दल शेजाऱ्यांचं मत बनवते. इलॉन मस्क ट्रम्प सरकारमध्ये सामील झाल्यावर काही टेस्लामालकांनी गाडीवर 'तो बिघडण्याआधी घेतली होती' अशा अर्थाचे स्टिकर लावले. २०२५च्या पहिल्या तिमाहीत कंपनीने ३,३६,६८१ गाड्या पोचवल्या, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा १३ टक्के कमी. नफा ७१ टक्क्यांनी घटला. पण वाइनची गोष्ट आठवा. याच तिमाहीत मॉडेल वायची नवी आवृत्ती आणण्यासाठी कारखान्यांतलं उत्पादन काही आठवडे थांबलं होतं, आणि चिनी कंपन्यांची स्पर्धा वाढत होती. उलट बाजूने पाहिलं तर युरोपात त्याच काळात विजेवरच्या गाड्यांची एकूण विक्री वाढत होती, म्हणजे ग्राहक होते, ते टेस्लाकडे येत नव्हते. तिघांचे वाटे वेगळे करून दाखवणारा आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर फार विसंबू नये. एप्रिलमध्ये मस्क यांनी सरकारी कामातला वेळ कमी करणार असल्याचं गुंतवणूकदारांना सांगितलं, एवढं नक्की.

आता 'चालला' या शब्दाचा दुसरा अर्थ: विक्री पडो न पडो, कंपनीने मागणी मान्य केली का? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले ब्रेडन किंग यांनी १९९० ते २००५ या काळातले अमेरिकी कंपन्यांवरचे बहिष्कार अभ्यासले. वर्तमानपत्रांत गाजलेल्या बहिष्कारांपैकी साधारण पाव प्रकरणांत कंपनीने काही ना काही मान्य केलं. चारातला एक हे प्रमाण कमी वाटेल, पण निषेधाच्या इतर मार्गांच्या मानाने वाईट नाही. त्यांच्या अभ्यासातला खरा धडा वेगळा आहे: कंपनी झुकेल का, हे ठरवण्यात बातम्यांमधल्या बोभाट्याचं वजन फार मोठं होतं. ज्या कंपनीचं नाव आधीच खराब होऊ लागलं होतं ती लवकर झुकली. कंपनीला गल्ल्याची काळजी असतेच, पण गल्ल्याचे आकडे येण्याआधी अब्रू जाते, आणि अब्रू गेली की गुंतवणूकदार, भागीदार, नोकरीसाठी येणारी हुशार मुलं, सरकारी अधिकारी सगळ्यांशी बोलणं अवघड होतं.

१९९५चं ब्रेंट स्पार प्रकरण याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. उत्तर समुद्रातली तेल साठवण्याची एक जुनी प्रचंड टाकी शेलला अटलांटिकमध्ये बुडवायची होती. ग्रीनपीसचे कार्यकर्ते ३० एप्रिलला तिच्यावर चढले, दूरदर्शन संचांवर जगाने ते पाहिलं, आणि जर्मनीत लोक शेलच्या पंपांवर जाईनासे झाले. समोरच दुसऱ्या कंपनीचा पंप, पेट्रोल तेच. २० जूनला शेलने बेत सोडला. मागणी एका वाक्यात सांगता येत होती (टाकी बुडवू नका), ती पूर्ण करणं कंपनीच्या हातात होतं, आणि पूर्ण झाली की नाही हे सगळ्यांना दिसणार होतं. नंतर सप्टेंबरमध्ये ग्रीनपीसने कबूल केलं की टाकीत किती तेल उरलं आहे याचा आपला अंदाज चुकला होता, आणि शेलची माफी मागितली. बहिष्कार यशस्वी होणं आणि बहिष्काराचं म्हणणं बरोबर असणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

बड लाइटवर चिडलेल्यांची मागणी काय होती, हे आजही एका वाक्यात सांगता येणार नाही. कंपनीने काय केलं असतं तर ते परत आले असते? म्हणूनच कंपनीकडे करण्यासारखं काही नव्हतं आणि बहिष्कार संपायलाही काही ठिकाण नव्हतं.

कधी कधी मागणी स्पष्ट असते, पण ती पूर्ण करणं ज्याच्यावर बहिष्कार पडला त्याच्या हातात नसतं. डेन्मार्कच्या एका वर्तमानपत्राने सप्टेंबर २००५मध्ये प्रेषित मुहंमदांची व्यंगचित्रं छापली. जानेवारी २००६मध्ये सौदी अरेबियातल्या दुकानांनी फळ्यांवरून उचलून टाकलं आर्ला या कंपनीचं चीज आणि लोणी. आर्ला ही दूधउत्पादक शेतकऱ्यांची सहकारी संस्था. तिने चित्रं काढली नव्हती, छापली नव्हती, आणि डेन्मार्कच्या सरकारला वर्तमानपत्राच्या वतीने माफी मागायला लावणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. तिने सौदी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन हात झटकले, त्यावर मायदेशात टीका ओढवून घेतली, आणि काही महिन्यांनी तिचा माल हळूहळू फळ्यांवर परतला. माफी मागायची होती ते बाजूला राहिले, भुर्दंड पडला गोठ्यावर.

फ्रँचायझीच्या धंद्यात हा घोटाळा नेहमीचा आहे. पाटी जगभर एकच, पण दुकानं ठिकठिकाणच्या वेगवेगळ्या मालकांची. ऑक्टोबर २०२३मध्ये इस्रायलमधल्या मॅकडोनल्ड्स फ्रँचायझीने तिथल्या सैनिकांना मोफत जेवण द्यायला सुरुवात केली. अरब देशांतल्या फ्रँचायझींनी घाईघाईने पत्रकं काढून सांगितलं की आमचा त्याच्याशी संबंध नाही, काहींनी गाझासाठी मदतही जाहीर केली. लोकांनी पाटी बघितली. जानेवारी २०२४मध्ये मॅकडोनल्ड्सच्या प्रमुखाने धंद्यावर जाणवण्याजोगा परिणाम झाल्याचं मान्य केलं, आणि एप्रिलमध्ये कंपनीने इस्रायलमधली सगळी २२५ दुकानं स्थानिक मालकाकडून विकत घ्यायचं जाहीर केलं. कारण तिने सांगितलं नाही, पण काळवेळ बोलकी आहे. दुसरीकडे, पश्चिम आशियात त्याच बहिष्काराच्या लाटेत सापडलेल्या स्टारबक्सची दुकानं चालवणाऱ्या कुवेतच्या अलशाया समूहाने मार्च २०२४मध्ये सुमारे २,००० कर्मचाऱ्यांना कामावरून काढलं. सिएटलमधल्या मुख्यालयाला धडा शिकवायचा होता आणि नोकऱ्या गेल्या त्या भागातल्याच काउंटरवरच्या माणसांच्या.

बहिष्काराच्या बाजूने बोलताना अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराचं नाव निघतंच, आणि ते रास्तही आहे. पण त्याची गोष्ट बहुतेक वेळा अर्धीच सांगितली जाते. बसमध्ये गोऱ्यांपासून वेगळं बसायच्या सक्तीविरुद्ध ५ डिसेंबर १९५५पासून ३८१ दिवस त्या शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसमध्ये पाऊल ठेवलं नाही. बसचे बहुसंख्य प्रवासी तेच होते. ते पायी गेले, एकमेकांच्या मोटारींतून गेले. त्यासाठी वाहतुकीची स्वतंत्र व्यवस्था उभी केली, तिला पैसे जमवले, आठवड्यामागून आठवडे चर्चमध्ये सभा घेतल्या. बस कंपनी खरोखरच मेटाकुटीला आली आणि एप्रिल १९५६मध्ये वेगळ्या आसनांचा नियम बजावणं थांबवायला तयार झाली. तिला अडवलं शहराच्या प्रशासनाने, कोर्टात जाऊन. म्हणजे कंपनी नमली तरी नियम हलला नाही. तो हलला नोव्हेंबरमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने वेगळी आसनं घटनाबाह्य ठरवल्यावर. खटला आणि बहिष्कार एकाच वेळी चालू होते, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं काय झालं असतं हे सांगणं कठीण आहे. इतकं मात्र दिसतं की लोकांनी नुसती एक गोष्ट सोडली नव्हती, तिच्या जागी दुसरी उभी केली होती.

कंपन्यांच्या बाजूने आता हा खेळ कसा दिसतो ते टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीकडे पाहून कळतं. मे २०२३मध्ये समलिंगी समुदायाच्या 'प्राइड' महिन्याचा माल मांडला म्हणून रूढीवादी ग्राहक तुटून पडले. कंपनीने कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं कारण देऊन काही वस्तू काढून घेतल्या आणि समलिंगी समुदाय दुखावला. त्या तिमाहीत जुन्या दुकानांची आणि ऑनलाइन मिळून तुलनात्मक विक्री ५.४ टक्क्यांनी घटली. मग जानेवारी २०२५मध्ये कंपनीने विविधता आणि समावेशनाची (कृष्णवर्णीय आणि इतर वंचित गटांना नोकऱ्यांत व व्यवहारात जागा देण्याची) आपली उद्दिष्टं गुंडाळली. या वेळी कृष्णवर्णीय चर्चच्या धर्मगुरूंनी ४० दिवस टार्गेटमध्ये पाऊल न टाकण्याचं आवाहन केलं. पुढच्या तिमाहीत तुलनात्मक विक्री पुन्हा ३.८ टक्क्यांनी खाली, आणि त्यामागच्या कारणांमध्ये आयात शुल्क व ग्राहकांच्या धास्तीबरोबर या निर्णयावरची प्रतिक्रियाही आहे, हे कंपनीनेच मान्य केलं. दोन वर्षांत दोन विरुद्ध कारणांसाठी दोन फटके. पहिली भूमिका न घेती तर वाचली असती, की घेतलेली न सोडती तर वाचली असती? याचं उत्तर कंपनीच्या संचालकांनाही सापडलेलं दिसत नाही.

मात्र बाकीच्या कंपन्या हे सगळं बघत होत्या, आणि बहिष्काराचा सर्वांत मोठा परिणाम बहुधा त्यांच्यावरच झाला. जून २०२४मध्ये एका रूढीवादी कार्यकर्त्याने ट्रॅक्टर सप्लाय या शेतीला लागणाऱ्या सामानाच्या दुकानसाखळीविरुद्ध समाजमाध्यमांवर मोहीम उघडली. ही कंपनी विविधतेच्या आणि हवामानाच्या कामावर पैसे खर्च करते, तिचे ग्रामीण ग्राहक मात्र अशा विचारांचे नाहीत, असा त्याचा रोख होता. तीन आठवड्यांत कंपनीने ती कामं बंद करत असल्याचं पत्रक काढलं. तिमाहीचे आकडे अजून यायचे होते. जुलैमध्ये जॉन डिअरने पाय मागे घेतला, ऑगस्टमध्ये हार्ली-डेव्हिडसनने. त्याच ऑगस्टमध्ये लोवीज या घरबांधणी साहित्याच्या साखळीने आपले कार्यक्रम आवरते घेत असल्याचं कर्मचाऱ्यांना कळवलं. तिच्याविरुद्धची मोहीम तोवर जाहीर व्हायची होती. पुढचा नंबर तुमचा आहे, एवढाच निरोप त्या कार्यकर्त्याने तिच्या अधिकाऱ्यांना पाठवला होता. आम्ही हा फेरविचार आधीपासूनच करत होतो, असं लोवीजचं म्हणणं. त्या बहिष्कारात विक्री किती घटली हे शोधायला कोणताही अर्थशास्त्रज्ञ बसणार नाही, कारण तो बहिष्कार झालाच नाही.